मेडिकलचा सप्ता

गेल्या वर्षीच्या शिमग्यात मी भर दुपारी, अनवाणी, सड्यावर ग्रामदेवीची पालखी नाचवली आणि माझ्या पायांना काहीही झालं नाही. निदान मला तसं वाटलं. आमचं गाव जयगडच्या खाडीकडे उतरणारं, वर सगळा कातळाचा सडा. पालखी एका वाडीतून दुसऱ्या वाडीत न्यायची तर तो सडा ओलांडावाच लागतो, आणि मार्चमधल्या दुपारी तो कातळ भाकरी भाजून निघेल इतका तापलेला असतो. बाकीचे दोन-दोन मिनिटांनी खांदेपालट करून सावलीला पळत होते. मी हललो नाही. "देवीची कृपा हाय बाबावर," गुरव म्हणाले, आणि मला ते लगेच पटलं. त्रेपन्नाव्या वर्षी चारचौघांत कौतुक झालं तर कुणाला आवडत नाही?

ती कृपा नव्हती. माझ्या तळव्यांना काही कळेनासं झालं होतं. ते का झालं आणि त्यात माझा स्वतःचा हात किती, ते सांगायला बसलोय. लिहिण्याची सवय नाही. सव्वीस वर्षं बोटीवर चीफ कुक होतो, लिहिल्या त्या फक्त सामानाच्या याद्या. पण आमच्या पट्ट्यातले निम्मे पुरुष बोटीवर जातात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना मी जे शिकवलं ते आता मलाच निस्तरायला हवं.

आठ दिवस

बोटीवर जायचं तर दर दोन वर्षांनी मेडिकल. मुंबईला जायचं, रक्त, लघवी, डोळे, कान, छाती सगळं दाखवायचं. 'फिट' असा कागद मिळाला की पुढचं काँट्रॅक्ट, नाही मिळाला तर घरी बसा. आम्हाला त्या तपासणीचा एवढाच अर्थ ठाऊक होता, की ही परीक्षा आहे आणि ती पास व्हायची असते.

आठ-नऊ वर्षांपूर्वी सुट्टीवर असताना रत्नागिरीतल्या एका लॅबमध्ये रक्त दिलं, तेव्हा साखर वर निघाली. लॅबवाला म्हणाला, डॉक्टरना दाखवा. मी कागदाची घडी पाकिटात घातली आणि डॉक्टरऐवजी डोकं चालवलं. मेडिकलच्या आधी आठ दिवस भात बंद, गोड बंद, तळलेली मासळी बंद. सकाळी नाचणीची पेज, दुपारी कुळथाचं अळणी कढण, मध्ये कारल्याचा रस. खाडीपासून सड्यापर्यंतची घाटी रोज तीनदा चढायची. रक्त द्यायच्या दिवशी साखर शहाण्या मुलासारखी खाली बसलेली असायची. फिट. संध्याकाळी दोन बालूशाही खाऊन मी उपास सोडायचो आणि पुढची पावणेदोन वर्षं साखर आणि मी आपापल्या वाटेने जायचो.

वाडीत या प्रकाराला नावच पडलं, मेडिकलचा सप्ता. देवळातला हरिनामाचा सप्ता सात दिवसांचा, आमचा आठ. आणि त्यातला बुवा मी. "परवा मेडिकल हाय, काय करू?" असं विचारत लोक यायचे आणि मी त्यांना बसवून, चहा पाजून, कारल्याच्या रसात पाणी किती घालायचं इथपर्यंत सगळं सांगायचो. माझा मेव्हणा दिनू, बायकोचा धाकटा भाऊ, बोटीच्या इंजिनरूममध्ये ऑयलर आहे. त्यानेही दोनदा माझ्याच घरी राहून सप्ता केला होता.

पेज शिजवायची माझी बायको सुमती. पहिल्याच वेळी ती म्हणाली होती, "आवो, साकर हाय तर औषध घ्या ना. ह्यो उपास कशाला?" मी तिला समजावलं, की गोळी सुरू केली की कागदावर येतं, आणि कागदावर आलं की नोकरी जाते. हे मी कुणालाही न विचारता ठरवलेलं. गोळ्या घेऊन साखर ताब्यात ठेवणाऱ्यांनाही फिट मिळू शकतं, हे मला दोन बोटं गेल्यावर कळलं.

गावातली आशाताई दर वर्षी फॉर्म घेऊन दारात यायची. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची साखर आणि बीपी बघायचंय, उपकेंद्रात या म्हणायची. तिलाही मी चहा पाजून वाटेला लावायचो. आमचं मुंबईत होतं, म्हणायचो. सुमतीचंही नाव त्या फॉर्मवर असायचं. तिच्या वतीने मीच सांगायचो, "तिला काय धाड भरलीय?" सुमती आतून ऐकत असायची.

लादीवरचे डाग

पालखीनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी सुमती लादी पुसत होती.

"आवो, ह्यो डाग कसला? ओटीपासून न्हाणीपर्यंत हाय सगळीकडं."

डाग पावलाच्या आकाराचे होते. एकाच पावलाचे, उजव्या. मी खुर्चीत बसून तळवा बघायला गेलो तर पोट आडवं आलं. मग तिनेच पाय हातात घेतला.

"रगत हाय ता. फोड फुटलेत केवढे. तुमाला कळला नाय?"

खरंच कळलं नव्हतं. तळवे भाजून निघाले होते आणि मी त्यांच्यावर तीन दिवस घरभर हिंडत होतो. आता शहाण्या माणसाने काय करावं? मी हळद आणि खोबरेल लावलं. दुखत नाही म्हणजे बरं होतंय, असं माझं गणित. आणखी दोन दिवसांनी ताप भरला, पायाची करंगळी काळीनिळी झाली आणि खोलीत वास सुटला. कुकचं नाक आहे माझं, कुठली मासळी ठेवायची आणि कुठली समुद्रात टाकायची ते नाकच सांगतं. तो वास मी ओळखला, आणि तेव्हा पहिल्यांदा घाबरलो.

सुरू करा की

रत्नागिरीच्या हॉस्पिटलात ज्या डॉक्टरबाई भेटल्या त्या माझ्या लेकीच्या वयाच्या. पाय बघून झाल्यावर त्यांनी खिशातून पेनासारखी दांडी काढली. तिच्या टोकाला नायलॉनचा तंतू होता, गरीच्या दोरीहून बारीक.

"काका, डोळे मिटा. मी पायाला जिथे हे टेकवेन तिथे 'हो' म्हणा."

मी डोळे मिटले आणि वाट बघत राहिलो. पंखा करकरत होता, बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं. बराच वेळ गेला तेव्हा मी म्हटलं, "डॉक्टर, सुरू करा की."

"झालं, काका," त्या म्हणाल्या. "दोन्ही पायांना दहा-दहा ठिकाणी टेकवून झालं."

मी डोळे उघडले. सुमती भिंतीला टेकून उभी होती, तोंडावर पदर दाबून. तिने सगळं पाहिलं होतं. इतकी वर्षं माझ्या पायांत काय चाललंय ते मला ठाऊक नव्हतं, आणि आता ते तिला माझ्याही आधी कळलं होतं. मला लाज वाटली.

मग साखर मोजली. आकडा सांगत नाही. दुसऱ्याच्या आकड्याशी आपला ताडून बघायची आणि 'माझं बरं आहे' म्हणून निवांत बसायची आपल्याला खोड असते. त्यांनी विचारलं, शेवटचं मेडिकल कधी झालं? मी म्हटलं, दीड वर्षापूर्वी, फिट. कसं काय, त्यांनी विचारलं. आणि एवढं रामायण झाल्यावरही मी त्यांना सप्त्याची अख्खी कृती सांगितली, जरा अभिमानानेच.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, की रक्ताची एक तपासणी मागच्या तीन महिन्यांची साखर सांगते, तिच्यापुढे आठ दिवसांची पेज चालत नाही. ती आज करू. आणि पुढे म्हणाल्या, "पण काका, ते मेडिकल कंपनीसाठी आहे असं तुम्हाला का वाटलं? रक्त तर तुमचं होतं."

रागावल्या असत्या तर मी उलट काहीतरी बोललो असतो. तसा मी कुणाचं ऐकून घेणारा नाही. पण त्या रागावल्या नाहीत, त्यामुळे पंचाईत झाली.

"पाय वाचेल ना?" सुमतीने विचारलं.

"दोन बोटं जातील, हे नक्की. पाय वाचवायचा आपण प्रयत्न करू." त्यांनी निळं पेन घेतलं आणि घोट्याच्या खाली, जिथे लाली संपत होती तिथे गोल रेघ मारली. "लाली या रेघेच्या वर जायला नको. गेली, तर मग वरून कापावं लागेल."

निळी रेघ

पुढचे दिवस त्या रेघेचे. सहाला बोटाला सुई, सातला बिनसाखरेचा चहा, दहाला ड्रेसिंग. वॉर्डातल्या मावशी झाडू मारता मारता प्रत्येकाची कालची साखर तोंडपाठ सांगायच्या आणि कुणाच्या उशाखाली बिस्किटाचा पुडा आहे तेही त्यांना ठाऊक असायचं. माझा पुडा त्यांनी पहिल्याच दिवशी जप्त केला. मी उठायच्या आत पायाकडे बघायचो. लाली रेघेला टेकलेली. वर की खाली, ते माझे डोळे कधी असं सांगायचे, कधी तसं. मी सुमतीला विचारायचो, तीही वाकून बघायची आणि "हाय तिथंच हाय," म्हणायची. खरं सांगतेय की धीर देतेय ते तिच्या तोंडावरून ओळखता यायचं नाही.

ऑपरेशनच्या कागदावर तिने सही केली. शाळेत गिरवतात तशी, एकेक अक्षर सुटं. करंगळी आणि शेजारचं बोट गेलं. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. डबा उघडायची, भरवायची, पाणी द्यायची, पण बोलायची नाही. देवरूखला दिलेली लेक रोज यायची, तिच्याशी बोलायची. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "अगो, काय ते बोल. शिव्या घाल हवं तर."

"तुमाला कशाला घालू?" ती म्हणाली. "पेज मी शिजवलीय. दर येळेला वाटायचा, ह्यो काय बरा नाय. एकदा तरी टोप खाली आपटायला पायजे होता मी."

तिची समजूत काढायला गेलो आणि मलाच रडू आलं. आजारपण एकट्याचं असतं असं मला वाटायचं, कारण बोटीवर आजारी पडलं की केबिनमध्ये एकट्यालाच पडून राहावं लागतं. माझ्या आजारात ती माझ्याइतकीच बुडाली होती आणि मी तिला त्यात आठ वर्षांपूर्वीच ओढलं होतं.

त्यानंतरच्या एका सकाळी ड्रेसिंग करताना टाचेपाशी काहीतरी झोंबलं आणि मी ओरडलो. डॉक्टरबाईंनी हात थांबवला.

"दुखलं? कुठे?"

"तिथेच. टाचेला."

"छान," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा तिथेच दाबलं. मी पुन्हा ओरडलो. त्या हसल्या, मावशी हसल्या, आणि सुमती हसता हसता पदराने डोळे पुसायला लागली. टाच अजून जिवंत होती. त्याच दिवशी लाली रेघेच्या बोटभर खाली उतरलेली दिसली, आणि या वेळी ते कुणाला विचारावं लागलं नाही.

घरी

तीन आठवड्यांनी घरी आलो. बोट सुटली ती सुटलीच. वाडीतले लोक भेटायला आले. महिन्याभरापूर्वी देवीची कृपा म्हणणारेच आता म्हणत होते, काहीतरी चुकलं असेल, गाऱ्हाणं घाला. मी ऐकून घेतलं, कारण चुकलं तर होतंच. गुरव मात्र एकटे आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मी त्या दिवशी बोललेला ता मागं घेतलाय. फुडच्या वर्सापासनं पालखी सड्यावरनं सकाळीच न्यायची, ऊन चढायच्या आत. मानकऱ्यांना सांगितलाय मी." एवढ्या मोठ्या माणसाने एवढं म्हणणं मला औषधासारखं लागलं.

आता मी घरातही मऊ चपला घालतो. अंघोळीनंतर आरशाचा तुकडा जमिनीवर ठेवून दोन्ही तळवे बघतो, कारण पोट अजून आडवं येतं. गोळ्या आणि इन्सुलिन चालू आहे. भात आहे, मोजका. बांगडा आहे. हे सगळं मी त्या लॅबच्या कागदानंतर केलं असतं तर आज बोटीवर असतो, दहा बोटांनिशी. हा विचार रोज एकदा येतो. हल्ली मी त्याला येऊ देतो आणि जाऊ देतो.

दिनू

गणपती गेले आणि दिनू आला. पंधरा दिवसांवर मेडिकल.

"भावजी, सप्ता चालू करू ना? कारली घेऊन आलोय."

पिशवी त्याने माझ्या पायाशी ठेवली, त्याच पायाशी. माणूस किती आंधळा असू शकतो, हे मला तेव्हा बाहेरून दिसलं.

मी नाही म्हटलं. आधी तीन महिन्यांची साखर बघू, म्हटलं. तो तडकला. "तुमचा भागला. सव्वीस वर्सा बोटीवर गेलाव. आता माझ्या येळेला तुमाला शहाणपन सुचतंय? माझा काँट्रॅक्ट गेला तर घर कोन चालवनार, तुमी?"

हे खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. तेवढ्यात सुमती आतून आली. तिने माडाच्या झाडूचा एक बारीक हीर मोडून आणला होता.

"दिन्या, बस. पाय वर घे. डोळे मीट."

मोठ्या बहिणीपुढे त्याचं काही चालत नाही. तो बसला. तिने हीर माझ्या हातात दिला. हे काही डॉक्टरी नव्हे, ते मला माहीत होतं. डाव्या पायाला टेकवलं, तो म्हणाला, "हा." पुन्हा "हा." टाच, चवडा, करंगळी, सगळीकडे "हा." माझा जीव भांड्यात पडायला लागला. मग उजवा पाय. टाच, "हा." चवडा, "हा." अंगठ्याच्या खाली टेकवलं. तो गप्प. जरा दाबलं. हीर वाकला.

"थांबलाव कशाला?" दिनू म्हणाला. "करा ना."

त्याने डोळे उघडले, तेव्हा वाकलेला हीर त्याच्या अंगठ्याला टेकलेलाच होता. तो त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "परत करा." मी परत केलं. दुसऱ्या खेपेलाही तेच.

दुसऱ्या दिवशी तो त्याच डॉक्टरबाईंकडे गेला. साखर निघाली, गोळ्या सुरू झाल्या, मेडिकल पुढे गेलं आणि ते काँट्रॅक्ट खरंच हातचं गेलं. दीड महिना तो आमच्या पायऱ्या चढला नाही. वाटेत दिसला तर मान फिरवायचा. मी सुमतीच्या माहेरचं माणूस तोडलं, असं मला वाटायचं, आणि ती तसं म्हणत नव्हती म्हणून जास्तच वाटायचं.

दिवाळीत आला. साखर खाली यायला लागली होती, आठ दिवसांची नव्हे, तीन महिन्यांची. नवीन मेडिकलची तारीख मिळाली होती. या खेपेला गोळ्यांची चिठ्ठी सोबत घेऊन जाणार होता. "अंगठा अजून मुकाच हाय," तो म्हणाला, "पन डॉक्टरीण बोलली, येळेत आलाव." जाताना त्याने मला वाकून नमस्कार केला आणि उठताना माझ्या उजव्या पायाला हात लावला. मला तो स्पर्श कळला नाही. दिसला तेवढा.

तिचं

दिनू गेल्यावर मी ओटीवर बसलो होतो. सुमती त्याच्या चहाचे कप उचलत होती. मला एकदम दिसलं, की या घरात गेल्या तीस वर्षांत हिचं कधी काहीच तपासलेलं नाही. बाळंतपणात झालं असेल तेवढंच. कुठल्या कंपनीने तिच्याकडे कधी कागद मागितला नव्हता आणि आशाताईला मी परत पाठवत होतो.

"अगो, बस जरा. पाय वर घे."

"माझा? माझा मेडिकल कोन मागतोय? मना काय बोटीवर जायचाय?"

"मी मागतोय," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग कप खाली ठेवले, बसली आणि डोळे मिटले. मी झाडूचा हीर मोडला. तिच्या टाचांना भेगा होत्या, चवड्यावर घट्टे. लग्नाला तीस वर्षं झाली, पण तिचे तळवे मी कधी पाहिले नव्हते.

डावा पाय झाला. "हा" आणि "हा." उजवी टाच, "हा." अंगठा, "हा." माझा हात सावकाश व्हायला लागला, कारण आता शेवटची जागा राहिली होती. करंगळीला टेकवलं. ती गप्प. पुन्हा टेकवलं. गप्प. मान वर करून बघायला धीर होईना.

"कळत नाही?" मी विचारलं.

"कळतंय वो," ती म्हणाली. तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. "तुमची ती नाय, म्हनून बोलायला येईना."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही रत्नागिरीला निघालो, ती उपाशीपोटी. आदल्या दिवशी तिने बांगड्याचं तिखलं केलं होतं आणि नेहमीसारखा ताट भरून भात जेवली होती. मी अडवलं नाही. गाडी सड्यावर चढली तेव्हा तिने विचारलं, "आनि कायतरी निघाला तर?"

"निघू दे," मी म्हटलं. "मी हाय ना."

तिने माझा हात धरला आणि रत्नागिरी येईपर्यंत सोडला नाही.